ट्रेंडलाइनचा आर स्क्वेअर ०.९६ आलाय, तर पुढच्या वर्षाचा अंदाज त्यावरून धरता येईल का?

तुमच्याकडे तीन वर्षांचा महिन्यावार डेटा आहे, एक्सेलमध्ये सरळ ट्रेंडलाइन टाकली, आर स्क्वेअर (रेष आकड्यांना किती जवळून बसते याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९६ आला, आणि आता तीच रेष पुढे ओढून पुढच्या वर्षाचे आकडे धरायचेत. नुसत्या आर स्क्वेअरच्या जोरावर नका धरू. का ते एक छोटं गणित करून दाखवतो, कागद-पेन घ्या.

एक्स म्हणजे १, २, ३, ४, ५ आणि वाय त्यांचे वर्ग, म्हणजे १, ४, ९, १६, २५. हा डेटा सरळ रेषेचा नाहीच हे आपल्याला आधीच माहितीये, तरी लीस्ट स्क्वेअर्स लावू, म्हणजे खऱ्या आकड्यांपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल अशी रेष काढू. एक्सची सरासरी ३, वायची ११. प्रत्येक एक्समधून ३ आणि वायमधून ११ वजा करा, जोडीजोडीने गुणा, बेरीज येते ६०. एक्सच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, म्हणून स्लोप, म्हणजे रेषेचा चढ, ६. रेष दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जातेच, त्यामुळे इंटरसेप्ट (एक्स शून्य असताना रेषेचा आकडा) ११ वजा १८, म्हणजे -७. रेषेचे आकडे झाले -१, ५, ११, १७, २३, आणि खऱ्या आकड्यांतून ते वजा केले की उरतात २, -१, -२, -१, २. यांच्या वर्गांची बेरीज १४, दुसरी कुठलीही सरळ रेष काढलीत तरी ती १४ च्या खाली जात नाही. वायचे सरासरीपासूनचे फरक घेऊन वर्गांची बेरीज केली तर ३७४, म्हणून आर स्क्वेअर १ वजा १४/३७४, म्हणजे ०.९६. तुमच्याइतकाच! आता ही रेष एक्स १० पर्यंत ओढा, ती म्हणते ५३, खरा आकडा १००.

पण चूक आधीच दिसत होती. ते उरलेले आकडे, म्हणजे रेसिड्युअल, परत बघा, आधी प्लस, मग सलग तीन मायनस, मग परत प्लस. रेष योग्य असेल तर असा आकार दिसत नाही, रेसिड्युअल शून्याच्या वरखाली विस्कटलेले दिसतात. म्हणून मी आर स्क्वेअर शेवटी बघतो आणि रेसिड्युअलचा ग्राफ सगळ्यात आधी.

१८०५ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लेजांद्रने लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत छापली ती धूमकेतूंच्या कक्षांसाठी, तिथे कक्षेचं समीकरण आधीच हातात होतं, फक्त त्यातले आकडे ठरवायचे होते. लीस्ट स्क्वेअर्स अजूनही तेवढंच करतं, तुम्ही दिलेल्या समीकरणात चांगले आकडे बसवून देतं, समीकरणच बरोबर आहे का हे तुम्हालाच बघावं लागतं.

महिन्यावार डेटात अजून एक भानगड असते, या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याला चिकटून असतो. एक्सेलचं लिनेस्ट फंक्शन स्लोपची स्टँडर्ड एरर (स्लोप साधारण किती इकडेतिकडे असू शकतो तो आकडा) देतं ती रेसिड्युअल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून, ते नसतील तर ती एरर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा लहान येते आणि ट्रेंड आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. आणि काळाबरोबर सरकणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्यासारख्या दिसतात, ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूलने १९२६ मध्ये दाखवलं होतं की इंग्लंडमधल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचं कोरिलेशन (जुळणीचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९५ येतं, दोन्ही फक्त वर्षांगणिक घसरत होते!

सीझन असेल तर डेटा कमी महिन्यात सुरू होऊन जास्तीच्या महिन्यात संपत नाही ना हेही बघा, तेवढ्यानेच स्लोप वाढतो. आणि टोकाचा एखादा आकडा भलताच असेल तर तो रेषेला सगळ्यात जास्त ओढतो, कारण अंतर दुप्पट झालं की वर्ग चौपट होतो. तो काढून रेष परत काढा, स्लोप किती हलला ते बघा, पण काढून टाकायचा की नाही हे त्या महिन्यात नक्की काय झालं ते कळल्याशिवाय ठरवू नका.

तुमच्या प्रश्नापुरतं, शेवटचे १२ महिने बाजूला ठेवा, आधीच्या २४ वर रेष काढा आणि त्या १२ चा अंदाज खऱ्या आकड्यांशी ताडून बघा. चूक सतत एकाच बाजूला जात असेल तर सरळ रेष सोडा, आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन किंवा महिन्यांचे डमी (त्या महिन्याला १, बाकीच्यांना ० असे कॉलम) टाकून परत करा.