स्टेज, ग्रेड आणि रात्रीचा ताप

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडा ज्या मायक्रोस्कोपखाली जातो त्याच्या मागं बसलेली बाई. पेशंट मला सहसा बघत नाही, माझा रिपोर्ट बघतो, आणि या सदराला येणाऱ्या पत्रांतली बरीचशी पत्रं त्या रिपोर्टातल्या दोन-चार शब्दांनी घरात कशी रडारड झाली याचीच असतात. यावेळी चार पत्रं घेतलीत. दोघांना मोठं उत्तर दिलंय, कारण त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं पुष्कळांचे आहेत.

प्रश्न : मॅडम, माझ्या आईला (वय ५४) डाव्या स्तनात गाठ होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले सेकंड स्टेज आहे. मावसबहिणीचं लग्न होतं म्हणून आईनंच हट्ट केला आणि आम्ही ऑपरेशन १८ दिवस पुढं ढकललं. आता रिपोर्ट आलाय, त्यात पीटी२ एन२ए, ग्रेड ३ असं लिहिलंय आणि डॉक्टर म्हणतात स्टेज थ्री ए. १८ दिवसांत एक स्टेज वाढली का? मामा म्हणतो स्टेजपण ३ आणि ग्रेडपण ३ म्हणजे आता काही खरं नाही. आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. (शाहूपुरीतली एक मुलगी)

उत्तर : आधी तो १८ दिवसांचा काटा काढूया, कारण तुझं अख्खं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय. स्टेज वाढली नाही गं, ती आधी अंदाजानं सांगितलेली होती आणि आता मोजून सांगितलीय. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हातानं तपासतात, मॅमोग्राफी-सोनोग्राफी बघतात, काखेत मोठी गाठ लागली नाही तर तिथं काही नाही असं धरून चालतात, त्याला क्लिनिकल स्टेज म्हणतात. ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी माझ्यासारख्या कुणाकडं तरी येतात, आम्ही एकेक गाठ हातानं शोधून, कापून, रंग देऊन बघतो आणि ज्या सोनोग्राफीत साध्या दिसत होत्या त्यातल्या काहींत कॅन्सरच्या पेशी सापडतात. रिपोर्टात टी च्या आधी जो बारका पी आहे ना, तो पॅथॉलॉजीचा, म्हणजे प्रत्यक्ष बघून लिहिलेलं. स्तनातली गाठ दुप्पट व्हायलासुद्धा साधारण काही महिने जातात, त्यामुळं लग्नाच्या त्या अडीच आठवड्यांत कॅन्सर काखेत जाऊन बसला असं नाही, तो आधीपासून तिथंच होता. याचा अर्थ उशीर केला तरी चालतो असा कुणी काढू नका, पण जे झालं त्याचं खापर आईच्या हट्टावर किंवा तुझ्या डोक्यावर फोडायचं काही कारण नाही.

आता ती अक्षरं. टी म्हणजे मूळ गाठ केवढी, स्तनात २ सेंटिमीटरच्या वर आणि ५ पर्यंत असली की टी२. एन म्हणजे लिम्फ नोड, काखेतल्या गाठी, त्यातल्या १ ते ३ गाठींत कॅन्सर सापडला तर एन१, ४ ते ९ गाठींत सापडला तर एन२. एम म्हणजे दूर कुठं गेलाय का, हाडात, लिव्हरात, फुफ्फुसात, मेंदूत. ही पद्धत फ्रान्सच्या पिएर दनवा या सर्जननी १९४३ ते १९५२ या काळात बसवली आणि आज जगभर तीच चालते, म्हणून तर कोल्हापूरचा रिपोर्ट उद्या परळच्या टाटात नेला तरी तिथल्या डॉक्टरला तोच अर्थ लागतो.

आणि मामांना सांग की स्टेज वेगळी, ग्रेड वेगळी. पावसाळ्यात आपण सगळे सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याचं पाणी किती फुटावर आलंय ते बघतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ते फूट म्हणजे स्टेज, पाणी कुठवर पोचलंय ते. आणि तासाला किती इंच चढतंय ती ग्रेड. ग्रेड ३ म्हणजे पेशी बिघडलेल्या दिसतात, भराभर वाढणाऱ्या दिसतात, म्हणून डॉक्टर किमोचा आग्रह धरतील, एवढंच त्यातनं कळतं. किती महिने उरले हे त्या आकड्यात कुठंही लिहिलेलं नसतं, मामांनी ते स्वतःच्या मनानं वाचलंय. थ्री ए म्हणजे आजार स्तनात आणि काखेत आहे, लांब गेलेला नाही, आणि या स्टेजला ट्रीटमेंट देतात ती बरं करायच्या इराद्यानंच देतात, ऑपरेशन, किमो, लाईट (म्हणजे रेडिएशन) असं सगळं मिळून.

फक्त ते 'लांब गेलेला नाही' हे स्कॅन करून ठरवलंय ना, एवढं डॉक्टरांना विचार, कारण तुझ्या पत्रात पेट स्कॅनचा किंवा बोन स्कॅनचा उल्लेख नाही. आणि पेट केला आणि कुठंतरी काही चमकलं असं आलं तर लगेच कोसळू नका. त्यात किरणोत्सर्गी साखर शिरेतनं देतात, ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चमकतात, त्यात कॅन्सर असतो पण टीबीच्या गाठीपण असतात, जुनं इन्फेक्शनपण असतं, आपल्या देशात तर हे फार बघायला मिळतं. शंका असेल तर तिथला तुकडा तपासतात आणि मग बोलतात.

रिपोर्टात अजून एक ओळ शोध, ईआर, पीआर आणि हर२, म्हणजे गाठीच्या वाढीला बायकांची हार्मोन्स किंवा हर२ नावाचं प्रथिन खतपाणी घालतंय का ते सांगणारी. पुढची औषधं ठरवताना स्टेजच्या आकड्याइतकीच ही ओळ महत्त्वाची असते आणि घरात तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ईआर पॉझिटिव्ह असेल तर वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्यांचा फायदा होतो, हर२ पॉझिटिव्ह असेल तर त्याची वेगळी इंजेक्शनं आहेत, आणि हर२ समोर २+ लिहिलं असेल तर ते ना इकडं ना तिकडं, फिश नावाची पुढची टेस्ट करून घ्यावी लागते, ती राहून जाऊ देऊ नकोस.

यावरनं एक सांगते, माझ्या मनात अजून सलतंय. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या हॉस्पिटलातनं एका बाईची गाठ माझ्याकडं आली ती सलाईनच्या पाण्यात, तीपण दुसऱ्या दिवशी, नातेवाईक एसटीनं घेऊन आलेला बिचारा. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात, पडायला पाहिजे, लगेच. त्या गाठीचं कॅन्सर आहे एवढं मी सांगू शकले पण ईआर-हर२ भरवशानं सांगता आलं नाही, त्या बाईला परत सुई घालून तुकडा काढावा लागला. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसलेल्या माणसानं एवढं विचारायला अजिबात लाजू नये की तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घातलाय ना. आणि लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून ठेवलेले ब्लॉक असतात, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर ब्लॉक आणि स्लाईड मागा, परत तुकडा काढायची गरज सहसा पडत नाही.

आईला सांगा. किमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई तिला पहिल्या दिवशी सगळं सांगणारच आहे, त्याच्या आधी तू सांग, हात हातात घेऊन.

प्रश्न : माझ्या मिसेसची दुसरी किमो झाली त्याच्या नवव्या दिवशी रात्री दहाला अंग तापलं, १०१ होता. पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, म्हटलं सकाळी बघू. पहाटे हातपाय गार पडले, बीपी लागेना, आयसीयूत सहा दिवस काढले. आता बरी आहे. आई म्हणते आदल्या दिवशी बाहेरचं भडंग खाल्लं म्हणून झालं, आणि पुढची किमो नकोच म्हणते. औषध जास्त झालं का? काय करायचं ओ आता? (इचलकरंजी, यंत्रमाग कामगार)

उत्तर : दादा, मिसेस वाचल्या हे वाचून बरं वाटलं. हे पत्र प्रत्येक किमोच्या घरात वाचून दाखवावं असं मला वाटतं.

किमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कॅन्सरच्या पेशी तशा, आणि आपल्या हाडाच्या मगजात रोज नव्यानं तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही तशाच. त्यामुळं किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तुमचा नववा दिवस म्हणजे ऐन मधला. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी एरवी १५०० च्या वर असतात, त्या ५०० च्या खाली गेल्या की घराला कुलूपच नाही असं समजा. आणि वाईट गोष्ट अशी की पू होतो, सूज येते, लाल होतं, हे सगळं याच पेशींमुळं दिसतं, त्याच नसल्यावर इन्फेक्शन आत पसरतं आणि बाहेर दिसतो फक्त ताप. तो ताप पॅरासिटामॉलनं उतरवला म्हणजे जी एकच खूण होती ती पुसून टाकली, इन्फेक्शन तिथंच आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून दोष देत नाही, पण इथनं पुढं किमो चालू असताना १००.४ च्या वर ताप म्हणजे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढायची. अंगावर काढायचा ताप हा नव्हेच. कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य 'किमो चालू आहे, ताप आलाय', कारण साध्या तापाच्या रांगेत बसवलं तर वेळ जातो, आणि शिरेतनं अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावं अशी धडपड असते. फाईलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कुठलं औषध कुठल्या तारखेला दिलं ते दिसेल असा. घरात डिजिटल थर्मामीटर पाहिजेच, अंगाला हात लावून ताप ठरवायचा नाही, आणि ताप मोजायच्या आधी गोळी द्यायची नाही. कधी कधी ताप येतच नाही, नुसती थंडी वाजते, माणूस गळून जातो, तेव्हाही निघा.

भडंगाचं म्हणाल तर आईंना सांगा की जंतू पुष्कळदा बाहेरनं येतच नाहीत, आपल्याच तोंडातले आणि आतड्यातले असतात, किमोनं आतलं अस्तर नाजूक झालेलं असतं तिथनं रक्तात उतरतात. तरी उघड्यावरचं, कच्चं, न धुतलेलं टाळाच, पण सुनेनं खाल्लं म्हणून झालं हे तिच्या कपाळी लावू नका, आधीच ती खचलेली असणार.

किमो बंद करू नका. डॉक्टर पुढच्या वेळी पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं देतील, किमोच्या दुसऱ्या दिवसापासनं पुढं, ती पोटावर किंवा दंडावर कातडीखाली घ्यायची असतात, त्यानं कंबर-पाठ दुखते पण बाकी चांगली असतात, किंवा डोस थोडा कमी करतील. कुणी काढा, भस्म दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लिव्हरवर दोन्हीकडनं मार बसायला नको. लाल रंगाचं औषध चालू असेल तर लघवी एक-दोन दिवस लाल होते, ते रक्त नव्हे, आणि त्याच औषधासाठी मधे मधे टूडी इको करायला सांगतात ते हृदयासाठी, पैसे वाचवायला तो टाळू नका. पैशाचं लिहिलं नाहीत तुम्ही पण सहा दिवस आयसीयू म्हणजे मला कळतंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, लाईट बसतं, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला पुढच्या किमोच्या आधी भेटा, नंतर नको.

प्रश्न : आज्जी मिश्री लावते, गालाच्या आत दोन महिने जखम आहे, भरत नाही. डॉक्टर तुकडा काढायचा म्हणतात, गल्लीतले म्हणतात सुरी लागली की कॅन्सर पसरतो. (गडहिंग्लज)

उत्तर : तुकडा काढा, या आठवड्यात. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही की तपासायची, तुमचे दोन महिने गेलेत. तुकडा काढल्यानं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, लोकांनी बघितलेलं असतं ते असं की आधीच वाढलेल्या आजारात उशिरा तुकडा काढला आणि माणूस गेला, दोष सुरीवर आला. काही मोजक्या जागा आहेत जिथं डॉक्टर स्वतःच सुई घालत नाहीत, उदाहरणार्थ वृषणाची गाठ, पण गाल त्यातला नाही. जागा बधिर करून मसुराएवढा तुकडा घेतात. आणि पुढं लाईट द्यायची वेळ आली तर आधी दाताच्या डॉक्टरकडं नेऊन किडलेले दात काढून घ्या, लाईटनंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही, सडतंसुद्धा. मिश्री आजच बंद, आज्जी चिडली तरी.

प्रश्न : ऑपरेशनला दोन वर्षं झाली, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. आता त्या बाजूचा हात जड वाटतो, बांगड्या रुततात. आजार परत आला का? (राजारामपुरी)

उत्तर : ताई, बहुतेक लिम्फिडिमा आहे, काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत जायची वाट अडते आणि ते वर्षांनंतरसुद्धा दिसू शकतं, लाईट दिली असेल तर जास्तच. तरी एकदा सर्जनला दाखवाच, आजार परत आलेला नाही ना, शिरेत गुठळी नाही ना हे तपासून घेतलं म्हणजे मन मोकळं होतं. त्यानंतर फिजिओथेरपिस्टकडं जा, मसाज शिकवतात, मापाची घट्ट बाही देतात, ती औषधाच्या दुकानातनं अंदाजानं घेऊ नका. भाजी चिरताना, विळी वापरताना, बागेत काम करताना हातमोजा घाला, जखम झाली तर लगेच साबणानं धुवा, बीपी आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला. हात लाल, गरम होऊन ताप आला तर थांबू नका, ते इन्फेक्शन असतं, त्याच दिवशी दाखवायचं. बांगड्या आत्ताच काढा, नंतर कापायला लागतात. आणि शिंप्याची टेप घेऊन कोपराच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं असं दोन्ही हातांचं माप घ्या, तारीख घालून वहीत लिहा, दर महिन्याला त्याच जागी, आणि सर्जनकडं जाताना ती वही बरोबर न्या.