पावसाळ्यात कुटुंबासह कोकणात नैसर्गिक गुहा आणि वन्यजीव कुठे पाहता येतील?

जुलैमध्ये वेंगुर्ल्याला चार दिवस मुक्काम आहे, सोबत दोन मुले आणि वयस्कर आई आहे, तेव्हा भर पावसात गुहा व तिथले प्राणी पाहता येतील का, असे आपण विचारले आहे. जरूर येतील; मात्र त्यासाठी समुद्राकडे न जाता घाटाकडे वळावे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहेत पाकोळी पक्षी घरटी करतात हे खरे असले, तरी खवळलेल्या समुद्रात कोणी जास्त पैसे घेऊन होडी काढायला तयार झाला, तरीही मुलांना घेऊन जाऊ नये.

मागच्या पावसाळ्यात आम्ही आईसह आंबोलीला गेलो होतो. सावंतवाडीहून ते सुमारे ३० किलोमीटर आहे. तिथली हिरण्यकेशीची गुहा कोणी कोरलेली नाही. कातळाच्या पोटातून पाणी बाहेर येते, तिथेच देवीचे मंदिर आणि कुंड आहे, आणि अरबी समुद्र इतका जवळ असूनही इथे उगम पावणारी नदी पूर्वेकडे वळून घटप्रभेला व पुढे कृष्णेला मिळते. पावसात पाण्याचा जोर एकाएकी वाढतो, म्हणून गुहेत न शिरता बाहेरूनच दर्शन घ्यावे. याच पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा राहतो. त्याची विज्ञानाला ओळख २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये हे ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. कुंडात पाय धुणे, माशांना बिस्किटे टाकणे हे कृपया कोणीही करू नये. आम्ही तिथे असताना एक कुटुंब अगदी तेच करत होते आणि मला फार वाईट वाटले.

प्राणी म्हटल्यावर मुले बिबट्याचे नाव काढतात, पण आंबोलीचे खरे वैभव पायाशी असते. डबक्यावर झुकलेल्या एका फांदीला मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला होता. मुलगा हात लावणार, तोच सोबतच्या स्थानिक वाटाड्याने त्याला थांबवले. ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे होते; आतली अंडी फुटली की पिल्ले खालच्या पाण्यात टपकतात. आंबोली टोड तर याच परिसरापुरता मर्यादित असून त्याची शास्त्रीय नोंद २००९ मधली आहे. तो सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, उथळ पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे तिथे गाडी मुळीच चढवू नये आणि चालतानाही डबकी टाळावीत. हिरवा चापडा हा साप पानांत निश्चल बसलेला असतो आणि तो विषारी आहे, म्हणून मुलांना झुडपांत हात घालू देऊ नये.

आईंसाठी घसरणार नाही अशी चप्पल आणि काठी घ्यावी. वाऱ्यापुढे छत्रीचा उपयोग होत नाही. जळवांचे भय बाळगू नये, नखाने अलगद सोडवता येतात. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारनंतर घाटात समोरचे दिवेही दिसेनासे होतील इतके धुके उतरू शकते. अंधार पडल्यावर बेडूक रस्त्यावर येतात, तेव्हा परतीला चालकास गाडी अगदी हळू हाकायला सांगावे.