शिफारस : एका शब्दाची आणि रोजच्या एका गाण्याची

एका वाचक बाईंनी विचारलं आहे : "मी मित्रमंडळींना रोज एक इंडी किंवा ऑल्टर्नेटिव्ह रॉक गाणं पाठवते आणि वर 'आजची शिफारस' असं लिहिते. एका मित्राला ते खटकलं. तो म्हणतो, शिफारस नोकरीसाठी करतात, तो वशिल्याचा शब्द आहे, गाण्यासाठी 'अनुशंसा' लिही. यात बरोबर काय? महिन्याची यादी देताना 'शिफारसी' लिहायचं की 'शिफारशी'? आणि इंडी, ऑल्टर्नेटिव्ह यांना मराठीत काय म्हणावं?"

आधी अनेकवचन, कारण ते रोज डोळ्यांत खुपतं. शिफारशी. 'समितीच्या शिफारसी', 'शिफारसीनुसार', 'शिफारसीवरून' हे सगळं चूक आहे आणि दिवसेंदिवस जास्त छापलं जात आहे. म्हैस–म्हशी, घूस–घुशी, रास–राशी, तशीच शिफारस–शिफारशी. 'म्हैसी' कोणी लिहीत नाही, मग शिफारशीनेच काय पाप केलं आहे?

आता शब्दाकडे. 'एखाद्याबद्दल चांगला शब्द टाकणे' हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. शब्द फारसी आहे. तिथे 'सिपुर्दन' असा धातू आहे. अर्थ सोपवणे, विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली करणे. त्याचं एक अंग 'सिपार', त्याला '-इश' हा प्रत्यय लागून झालं 'सिपारिश', आणि प चा फ होऊन 'सिफारिश'. त्याच धातूचं भूतकाळी रूप 'सिपुर्द'. ओळखीचं वाटतं ना? आपलं 'सुपूर्द' ते हेच. 'किल्ल्या सुपूर्द केल्या' यातलं सुपूर्द आणि 'गाण्याची शिफारस केली' यातली शिफारस या सख्ख्या बहिणी आहेत. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी हातातलं काम बाजूला ठेवून जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. ('सुपूर्त' लिहिणाऱ्यांनी एवढं पाहावं की मूळ शब्दात शेवटी द आहे, त नाही.)

फारसीत हाच शब्द पुढे 'मागणी नोंदवणे' या अर्थानेही रुळला. वस्तू मागवायची तरी 'सिफारिश', कोणाबद्दल सांगायचं तरी 'सिफारिश'. काम दुसऱ्यावर सोपवलं जातं, हा धागा दोन्हीकडे आहे.

मग 'सिफारिश'ची 'शिफारस' कशी झाली? स आणि श यांनी जागा बदलल्या, हा वर्णविपर्यय आहे, असं काही जाणकार ठामपणे सांगतात. मला ते अजिबात मान्य नाही. यात अदलाबदल झालेलीच नाही. दोन वेगवेगळे नियम शब्दाच्या दोन टोकांना लागले आहेत.

पहिला नियम सुरुवातीचा. मराठीत रुळलेल्या जुन्या शब्दांत इ-ईपुढे आणि ए-पुढे स टिकत नाही, त्याचा श होतो. संस्कृत 'सीव्' वरून शिवणे, 'सिध्' वरून शिजणे, सिंदूराचा शेंदूर. बाहेरून आलेल्यांनाही सुटका नाही : सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का. आणि प्रश्नातल्या मित्राला आवडेल असं उदाहरण म्हणजे अरबी 'वसीला'चा वशिला! विपर्ययवाल्यांनी एवढंच सांगावं की शिपायाने आपला स कोणाला देऊन श घेतला? त्या शब्दात अदलाबदलीला दुसरा श नव्हताच.

दुसरा नियम शेवटचा. फारसीतली '-इश' प्रत्ययाची नामं मराठीत आली की अनेकदा 'स'वर थांबतात. बक्षिशचं बक्षीस झालं. आजमाइशचा अजमास झाला. फर्माइशचा फर्मास झाला, म्हणजे हुकूम देऊन करवून घेतलेला, म्हणून उत्तम. (नंतर 'फर्माईश' पुन्हा वेगळी आली आणि गाण्यांच्याच प्रांतात स्थिरावली. ऐकणारा मागतो ती फर्माईश, ऐकवणारा सोपवतो ती शिफारस. एकाच प्रत्ययाचे दोन शब्द एकाच गाण्याच्या दोन टोकांना उभे आहेत.) याच रांगेत शिफारस बसते. आणि अनेकवचनात पुढे ई आली की पहिला नियम पुन्हा जागा होतो, स चा श होतो. 'शिफारसी' लिहिणारा माणूस एका नियमाचा अर्धाच भाग पाळतो, माझा राग आहे तो यावर.

आता 'अनुशंसा'. हिंदी सरकारी कागदांतून ती आपल्याकडे शिरते आहे, आणि संस्कृत दिसते म्हणून शुद्ध मानली जाते. तिच्या मुळाशी 'शंस्' आहे, म्हणजे मोठ्याने म्हणणे, वाखाणणे. प्रशंसा त्यातलीच. इथे माझा मुद्दा नीट ऐकावा. प्रशंसेला दोनच बाजू लागतात : वाखाणणारा आणि वाखाणलेली गोष्ट. ऐकायला कोणी नसलं तरी प्रशंसा होते. शिफारशीला तीन लागतात : सोपवणारा, सोपवलेली गोष्ट आणि जिच्या हाती सोपवली ती व्यक्ती. मराठी वाक्यरचनाच याला साक्ष आहे. 'त्याने तिची प्रशंसा केली' हे वाक्य पुरं आहे. 'त्याने तिची शिफारस केली' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणाकडे? हा 'कडे' त्या सिपुर्दनचा वारसा आहे, असं माझं मत आहे. शब्द फारसीतून येताना नुसता अर्थ घेऊन आला नाही, हवाली करण्याची सगळी मांडणी घेऊन आला.

लॅटिनमध्येही हेच. इंग्रजी 'रेकमेंड'च्या पोटात 'कॉमेंडारे' आहे आणि त्याचा अर्थ सोपवणे. दोन दूरच्या भाषांना गाणं किंवा माणूस सुचवताना एकच गोष्ट सुचली : हे घे, जप. आपलं 'सोपवणे' हेसुद्धा 'समर्पय'चं प्राकृतातून घासलेलं रूप आहे. (सुपूर्द आणि सोपवणे कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचं नातं नाही.)

म्हणून बाई, तुमच्या गाण्यांना शिफारस हाच शब्द शोभतो, आणि तुमच्या संगीताला तर विशेषच. हे संगीत वाढलंच मुळी हातोहात. गाणी निवडून वाजवणारा निवेदक जॉन पील बीबीसीच्या रेडिओ वनवर 1967 पासून 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत होता. नवखे बँड त्याला टपालाने टेप पाठवायचे आणि तो त्या खरंच ऐकायचा. 1978 मध्ये अंडरटोन्स या उत्तर आयर्लंडच्या बँडचं 'टीनएज किक्स' त्याने लागोपाठ दोनदा वाजवलं. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवून वर त्याची मूठ मिटवणं, तसं ते. 1986 मध्ये ब्रिटनमधल्या 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाने बावीस बँडांची बावीस गाणी एका कॅसेटवर घालून वाचकांसाठी काढली. तिचं नाव 'सी एटी-सिक्स', आणि त्या नावाने पुढे एक शैलीच ओळखली जाऊ लागली. एकाने दुसऱ्याला भरून दिलेल्या कॅसेटी, हाताने काढलेली पत्रकं, अमेरिकेतल्या कॉलेजांची रेडिओ केंद्रं, सगळीकडे तीनही बाजू हजर होत्या.

अॅपवर 'तुमच्यासाठी शिफारस केलेली गाणी' असं लिहिलेलं दिसतं तेव्हा मात्र मला शब्दाची काळजी वाटते. तिथे सोपवणारा कोण? कोणीच नाही. आकडेमोडीतून निघालेली ती यादी आहे, तिला 'जुळणारी गाणी' म्हणा, 'निवडलेली गाणी' म्हणा. शिफारस करणारा आपला शब्द गहाण टाकतो. गाणं आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला तोंडावर सांगू शकता. तुमच्या मित्राने तेच केलं, फक्त गाण्याऐवजी शब्दाबद्दल.

राहिले इंडी आणि ऑल्टर्नेटिव्ह. हे दोन्ही एकच समजून वापरतात, उदास आवाज आणि झंकारणारी गिटार असली की 'इंडी वाटतं' म्हणतात. इंडी हा नादाचा शब्द नव्हताच, मालकीचा होता. 'इंडिपेंडंट'चा तुकडा : मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय आणि वितरणाशिवाय निघालेली तबकडी. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या स्वतःच्याच संस्थेच्या नावाने, काढली, ती या अर्थाने इंडी. ब्रिटनमध्ये जानेवारी 1980 पासून इंडी तबकड्यांची वेगळी क्रमवारी छापली जाऊ लागली आणि तिची अट वितरणाची होती, नादाची नव्हती. त्यामुळे नाचायची झगमगीत गाणी गाणारी कायली मिनोगही त्या क्रमवारीत झळकली, कारण तिच्या लेबलचं वितरण स्वतंत्र होतं. निर्वाणा या अमेरिकी बँडचा 'ब्लीच' हा अल्बम 1989 मध्ये सिॲटलच्या सब पॉप या स्वतंत्र लेबलने काढला, तो इंडी. 'नेव्हरमाइंड' 1991 मध्ये मोठ्या कंपनीच्या लेबलवर आला आणि जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिला झाला, तो नादाने ऑल्टर्नेटिव्ह, पण मालकीने इंडी नव्हे. बँड तोच, माणसं जवळपास तीच.

इंडीला 'स्वतंत्र' म्हणायला हरकत नाही. तंत्र म्हणजे मुळात मागावर ताणलेले धागे, आणि तंत्री म्हणजे वीणेची तार. स्वतःच्या तारा स्वतः ताणणारा तो स्वतंत्र. गिटारवाल्यांसाठी याहून चांगला शब्द मला दिसत नाही. 'पर्यायी रॉक' मात्र लिहू नका. पर्याय म्हणजे मूळ अर्थाने पाळी, आळीपाळीने येणं, आणि आज मराठीत पर्यायी म्हटलं की मुख्य रस्ता बंद असताना वापरायचा रस्ता आठवतो. हे संगीत कोणाच्या गैरहजेरीत ऐकायचं नाही. लॅटिन 'आल्टर' म्हणजे दोघांतला दुसरा, आणि त्यातला '-टर' हा संस्कृतातल्या कतर, अन्यतर, इतर यांतला 'तर'च आहे. तरीही 'इतर रॉक' कोणी म्हणणार नाही. ऑल्टर्नेटिव्हच लिहा, देवनागरीत, व्ह नीट जोडून.