लाकडी शेगडीचा धूर खोलीत परततो. पाईपचे एल्बो कसे बसवावेत?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पन्हाळ्याच्या वाटेवरच्या कौलारू घरात लोखंडी शेगडी बसवली आहे. सहा इंची पाईप तिच्या पाठीमागून आडवा काढून भिंतीबाहेर नेलाय आणि तिथून काटकोनात वर. पेटवली की पहिली पंधरा-वीस मिनिटं खोली धुराने भरते आणि फिटर म्हणतो पंखा बसवा. पंख्याचा खर्च करू नका. आधी एल्बोंकडे, म्हणजे पाईपच्या वळणाच्या तुकड्यांकडे बघा.

करवीर तालुक्यातल्या आमच्या घरी मी अगदी हीच मांडणी केली होती आणि दोन हिवाळे डोळे चोळत काढले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाईपमधला धूर गरम म्हणून हलका, त्यामुळे तो वर चढतो आणि शेगडीच्या दारातून नवी हवा आत ओढली जाते. आपल्याकडे गुऱ्हाळावर म्हणतात ना, धुराड्याला ओढ आहे, तीच ही ओढ. पण घरगुती पाईपची ओढ किती नाजूक असते बघा. उभा पाईप 3 मीटर, आतला धूर सरासरी 180 अंश आणि बाहेर 25 अंश धरले, तर ती 12 पास्कलच्या आसपास येते. म्हणजे पाण्याच्या जेमतेम सव्वा मिलिमीटर उंचीचा दाब. एक काटकोनी एल्बो साधारण दीड मीटर सरळ पाईपइतका अडथळा करतो, असा ठोकताळा आहे. तुमच्याकडे असा एक आहे, शिवाय त्याआधीचा आडवा तुकडा. त्यात पेटवताना पाईप थंडगार. धूर खोलीत येणारच.

कुणी म्हणेल, गुऱ्हाळात चुलवणाचा धूर जमिनीखालून आडवाच जातो की! जातो, पण काहिलीखाली चिपाडाचा भडका सारखा चालू असतो आणि पुढे उंच धुराडं उभं असतं. तुमच्या शेगडीकडे यातलं काहीच नाही. तिच्यासाठी खरा नमुना म्हणजे न्हाणीघरातला जुना तांब्याचा बंब. मधोमध सरळ नळकांडं, खाली जाळी, वरून ढलप्या आणि करवंट्या टाकायच्या. एकही वळण नाही.

म्हणून शेगडीचं धूर जाण्याचं तोंड वर असेल तर पाईप आधी दोन-तीन फूट सरळ वर जाऊ द्या. वेग पकडल्यावर धुराला वळण कमी जाचतं. मग भिंतीकडे सरकायचं असेल तर एका काटकोनाऐवजी 45 अंशाचे दोन एल्बो आणि त्यांच्यामध्ये तिरका तुकडा. फक्त मागेच तोंड असेल तर आडवा भाग हातभर ठेवा, त्याला मीटरमागे निदान 2 सेंटिमीटर चढ द्या आणि उभ्या पाईपच्या तळाशी एल्बोऐवजी झाकणाची टी, म्हणजे T आकाराचा तुकडा बसवा, काजळी तिथून काढता येते. सगळ्यात उत्तम म्हणजे पाईप सरळ छपरातून. लाकडी वासे आणि रिपांपासून साध्या पत्र्याचा पाईप 45 सेंटिमीटर दूर हवा. छपरातून जाणारा आणि बाहेरचा भाग मात्र दुहेरी, मध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरलेला घ्या. एकेरी पत्रा बाहेर गार पडतो आणि ओढ तिथेच मरते.

सांध्यांकडे नीट लक्ष द्या, माझी खरी चूक तिथे झाली. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून मी वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून चढवला, पन्हळीसारखा. पहिल्याच थंडीत प्रत्येक सांध्यातून काळपट, चिकट, आंबूस वासाचा द्रव बाहेर झिरपून पांढऱ्या भिंतीवर उतरला. ते डाग दोनदा चुना मारूनही वर आले. वरच्या तुकड्याचं चुणीदार टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे हा द्रव आतल्या आत शेगडीत परततो. कोल्हापुरात उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्याला हे आधी सांगा, तो सवयीने उलटं करून देईल.

वरचं टोक छपरातून निदान 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल, आढं धरून, त्याहून 2 फूट उंच हवं. पावसाळ्यात तुमच्याकडे पश्चिमेचा वारा आढ्यावरून खाली कोसळतो आणि बुटक्या पाईपमधला धूर आत ढकलतो.

हे काम होईपर्यंत पेटवण्याआधी शेगडीच्या दाराशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर येत असेल तर वर्तमानपत्राची सुरळी पेटवून पाईपच्या तोंडाशी धरा, पाईप तापला की ओढ फिरते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा तेवढा वेळ बंद, तो शेगडीतूनच हवा खेचतो. लाकूड फोडून वाळवलेलंच घ्या. आणि दारं-खिडक्या घट्ट लावून धुमसती शेगडी ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेगडीचं तोंड वर आहे की मागे आणि तिथून आढ्यापर्यंत उंची किती, एवढं कळवलंत तर तुकड्यांची मापं काढून देतो.