संध्याकाळी परत वॉर्डात जा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. पाठांतर जोरात चाललंय, पण आपण डॉक्टर होतोय असं आतून कुठेच वाटत नाही, असं तू लिहिलंस. दोन ओळींत उत्तर देऊन तुझी बोळवण करावीशी वाटली नाही, म्हणून हे पत्र.

एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, हा हिशेब विद्यापीठाचा. डॉक्टरकी अंगात कधी मुरली, हे कुठल्याही मार्कशीटवर येत नाही. माझा अनुभव असा की एकाच पेशंटला पुन्हा पुन्हा बघत राहिल्यानेच ती मुरते. तुम्ही मुलं सकाळी क्लिनिकला येता, केस घेता, प्रेझेंट करता आणि लेक्चरला पळता. दुसऱ्या दिवशी दुसरा बेड. त्यामुळे आजाराचा एकेक फोटो तेवढा दिसतो, तो पुढे कसा सरकतो ते दिसतच नाही. म्हणून माझं ऐक, संध्याकाळी परत वॉर्डात जा.

पावसाळ्यात कळव्याच्या आपल्या हॉस्पिटलात मेडिसिनचे वॉर्ड कसे भरतात ते तू बघतेसच. दिवा-मुंब्र्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतची माणसं असतात. त्यातला डेंग्यूचा एक पेशंट धर आणि त्याला सोडू नकोस. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, डिस्चार्ज कधी म्हणून विचारायला लागतात. खरं जपायचं असतं ते तेव्हाच. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरता उतरता, काहींच्या रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पाझरू लागतो. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, माणूस मलूल पडतो, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, चढतं. बीपी घेतलंस तर ११०/९०. वरचा आकडा बरा दिसतो म्हणून नवखा विद्यार्थी पुढच्या बेडकडे वळतो. पण दोन आकड्यांतलं अंतर घटून अवघं २० उरलेलं असतं, हातपाय गार लागत असतात. नातेवाईक प्लेटलेटच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसतात, आणि मला वाईट याचं वाटतं की आपली मुलंही तेच करतात. तू हात लावून बघ. लघवी किती वेळात झाली ते विचार. पुढे एक-दोन दिवसांत पाझरलेलं पाणी रक्तात परत यायला लागतं. मग काल ज्या सलाईनने जीव तगवला, तेच आज बेताने दिलं नाही तर पेशंटला धाप लागते. हे सगळं पुस्तकात एका पानावर आहे, पण पेशंटपाशी तीन दिवस उभं राहिल्याशिवाय ते पान कळत नाही.

कानाचंही तसंच. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्यावर येणारा, मर्मर पहिल्यांदा कुणालाच ऐकू येत नाही. सगळे मान हलवतात म्हणून आपणही हलवतो. तू हलवू नकोस. ‘मॅडम, मला ऐकू आला नाही,’ असं सरळ सांग. मग पेशंटला विचारून त्याला डाव्या कुशीवर वळव, एपेक्सवर, हृदयाच्या टोकाशी, स्टेथोस्कोपची बेल अगदी हलकी टेकव, श्वास सोडून क्षणभर थांबायला सांग. बेल दाबलीस तर तो खालच्या पट्टीतला घरघराट गेलाच. आधी हृदयाचा पहिला आणि दुसरा आवाज वेगळे कर, मग दुसऱ्यानंतरच्या जागेत लक्ष दे. आज नाही तर चार दिवसांनी ऐकू येईल. एकदा आला की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

पीजी प्रवेशपरीक्षेच्या एमसीक्यूंबद्दल तू विचारलंस. सोडव, परीक्षा द्यायचीच आहे. पण त्या प्रश्नांत कामाची लक्षणं कुणीतरी आधीच वेचून ठेवलेली असतात. वॉर्डात ती वेचायचं काम तुझं. पेशंट सुनेच्या भांडणापासून सुरुवात करेल, तिला मध्येच तोडू नकोस.

टीबीच्या पेशंटशी बोलताना तर घाई मुळीच नको. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, हे तुला पाठ आहे. पण काही आठवड्यांत त्याचा ताप जातो, भूक लागते, कामावर परत जायची ओढ लागते आणि गोळ्या मागे पडतात. तो कामाला किती वाजता निघतो, गोळ्या उपाशीपोटी सोसतात का, घरात कुणाला कळू द्यायचं नाहीये का, हे विचार. फॅमिली अडॉप्शनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना कुटुंबं नेमून देतात त्या उपक्रमात, मिळालेल्या घरांतही हेच विचार. फॉर्म भरून परत येऊ नकोस. आणि वॉर्डातल्या सिस्टर-मावशींशी नीट वाग. रात्री कोण जेवलं नाही, कोण रडत होतं, हे त्यांना तुझ्या रेसिडेंट डॉक्टरच्या आधी माहीत असतं.

जाशील तेव्हा सिस्टरांना सांगून जा, रेसिडेंटच्या कामात अडथळा येऊ देऊ नकोस. पेशंट झोपला असेल तर उठवू नकोस.

या आठवड्यात एक पेशंट निवड, ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत. एक साधी वही कर. नाव लिहू नकोस, बेड नंबर पुरे. रोज काय बदललं आणि तुला काय वाटलं होतं, दोन्ही लिही. रविवारी दुपारी नौपाड्यात घरी जेवायलाच ये आणि वही आण. आपण पानापानाने बघू.

तुझी,
मॅडम