पंचवीस हजारांत घरची लॅब: आधी अर्थिंग बघा

चिरंजीव डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या जुन्या घराची वरची खोली रिकामी आणि हातात पंचवीस हजार. यात त्याच्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांसाठी नवा पीसी, रासबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), आर्डुइनोचं (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचं) किट असं काय काय बसवावं, हे तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर या आठवड्यात काहीच घेऊ नका. वायरमनला बोलवा.

जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण तिसऱ्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते. मग पीसीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात, म्हणून अर्थ नसलेल्या पत्र्यावर साधारण ११५ व्होल्टपर्यंत दाब येतो. करंट नगण्य असतो, माणसाला सहसा काही होत नाही. पण त्याच पीसीच्या यूएसबीला जोडलेला बोर्ड त्यात जाऊ शकतो.

वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. मात्र घरात पंखे, फ्रिज चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ ठार शून्य आलं, तर सॉकेट उघडून बघायला लावा. काही महाभाग अर्थच्या पिनीला न्यूट्रलच जोडून मोकळे होतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर! अर्थिंगचा नवा खड्डा करावा लागला तरी करा, आणि त्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. बजेटचा मोठा घास त्यात गेला तरी हरकत नाही.

आता मशीन. नवा पीसी कशाला? विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे ऑफिसांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे छोटे डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात मिळतात. लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, त्या यादीशी काही देणंघेणं नाही. आय-५, १६ जीबी रॅम, एसएसडी एवढं पुरे. त्यावर प्रॉक्समॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की एकाच डब्यात चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, चालतात. स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्यायचा, बिनधास्त मोडायचं, परत मागे जायचं. ३५ वॉटच्या हिशेबानं दिवसरात्र चालू ठेवलं तरी महिन्याला साधारण २५ युनिट.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जाल तेव्हा ‘भिया, एकदम चकाचक है’ यावर जाऊ नका. दुकानातच बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. ऑफिसच्या मशीनला बायोसचा पासवर्ड राहिलेला असतो आणि काही मॉडेलांत सेल काढूनही तो जात नाही. पेनड्राइव्हवर लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) लिनक्स न्या, डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे तिच्या तब्येतीची तिनंच ठेवलेली नोंद, काढा. खराब सेक्टर दिसले तर डिस्कचे पैसे कापून घ्या.

इलेक्ट्रॉनिक्सला सुरुवातीला बरा मल्टिमीटर, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पट्टी) आणि एक ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) बास. ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टच्या सेन्सरचा सिग्नल थेट देऊ नये. रासबेरी पाय नंतर बघू. बंद पडलेला एसएमपीएस मात्र चिरंजीवांना उघडू देऊ नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

राहिलं नेटवर्क. घरच्या राउटरमागे एखादा जुना राउटर लावून लॅब त्याच्या पलीकडे ठेवा. नाहीतर मुलानं हौसेनं स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर (नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ते वाटणारा) सुरू केला, की त्याचे भलतेच पत्ते घरातले मोबाइल आणि टीव्ही उचलतील आणि ऐन मॅचच्या वेळी आजोबा वर येतील.