जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) भावाची दोन बोटं गेली, मालक 30 हजारांत मिटवा म्हणतो. काय करावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की भाऊ 30 वर्षांचा, पगार 12 हजार, रोलरमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मालकाचा माणूस स्टॅम्पपेपर घेऊन रोज घरी येतोय. आधी एकच करा. त्या कागदावर भावाची सही होऊ देऊ नका.

2016 मध्ये जळगाव एमआयडीसीत एका दालमिलमध्ये पट्ट्यात माझा हात गेला, तर्जनीची दोन पेरं गेली. दुसऱ्या दिवशी मुनीमजी दवाखान्यात आले. उजव्या हाताला बँडेज, डाव्याला सलाईन. त्यांनी खिशातून शाईचं पॅड काढलं आणि माझा डावा अंगठा धरला. मी बारावी शिकलोय, पण सही मागितली असती तर मी कागद वाचला असता. बायकोने पॅड उचलून खिडकीत ठेवलं, "त्यांना नीट शुद्धीवर येऊ द्या" म्हणाली. कागदावर लिहिलं होतं, अपघात घरी झाला.

म्हणून केसपेपर आजच बघा. "कामावर मशीनमध्ये हात अडकून" असं त्यावर आलंय का? नसेल तर डॉक्टरांना लेखी विनंती करा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं, हजेरीचा फोटो, पगार खात्यात आल्याची नोंद, जे मिळेल ते जमवा. हंगाम संपला की जिनिंगवरचे लोक आपापल्या गावी जातात, मग साक्षीदार सापडत नाही.

आता पैशांचं. कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे कायमचं अपंगत्व असेल तर पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक (कायद्याने वयाप्रमाणे ठरवलेला आकडा), गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. तिसाव्या वर्षाचा गुणांक 207.98 आहे. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर त्या कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के धरलेत. म्हणजे 7,200 × 207.98 × 20 टक्के, जवळपास 2 लाख 99 हजार. 30 हजार कुठे आणि हे कुठे, भो! औषधोपचाराचा खर्च वेगळा. एक महिन्यात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण अडवलं तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हा 1923 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, हिशोबाची रीत तीच आहे.

"चूक तुझ्या भावाचीच होती" असं ते म्हणतीलच. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. नशेत असणं किंवा मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढणं, असं काही असेल तरच अडचण. तो ठेकेदाराकडून लागला असला तरी मालकावर दावा करता येतो. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर भरपाई तिकडूनच मिळते, दोन्हीकडून नाही. पण नुसतं जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना हंगामी धरतात, त्यामुळे तिथे ईएसआय बहुधा नसतंच.

मालकाला तारीख, वेळ, मशीन आणि दुखापत लिहून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पोच जपा. मग नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज. माझा अर्ज जळगावच्या कामगार न्यायालयातच चालला. अर्ज करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत धरूनच चाला. वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. मिटवायचंच ठरलं तर तडजोड आयुक्तांपुढेच नोंदवा. हक्क सोडल्याचा बाहेरचा कागद कायद्याने रद्दबातल ठरतो खरा, पण तो रद्द ठरवायला तारखांवर तारखा जातात. माझ्या निकालाला सव्वादोन वर्षं लागली.

आणि टाके निघाले की उरलेल्या बोटांचा व्यायाम भावाला चुकवू देऊ नका. मी कोर्टाच्या धावपळीत तो सोडला, माझं मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही.